मांजराचं म्यांव ओळखायचं कसं

वाटीत खाणं आहे, पाणी आहे, लिटर बॉक्स सकाळीच साफ केलाय, तरी मांजर ओट्यापाशी उभं राहून तुमच्याकडे बघत म्यांव करतंच आहे. अशा वेळी बरेच जण मोबाइलवर 'लांब म्यांव म्हणजे अमुक, दोनदा म्यांव म्हणजे तमुक' असला तक्ता शोधतात. तो तक्ता कामाचा नाही. म्यांवचा अर्थ जातीने ठरवून दिलेला नसतो. आजवर तुम्ही त्या आवाजाला काय उत्तर दिलंत, त्यातून तो तुमच्याच घरात घडलेला असतो. शेजारच्या मांजराचा 'दार उघड' तुमच्या मांजराचा 'खायला दे' असू शकतो. म्हणून इथे तक्ता नाही. आपल्या मांजराचा शब्दकोश कसा तयार करायचा, त्यातला नकोसा शब्द कसा मोडायचा आणि कुठला आवाज आला की सगळं टाकून डॉक्टर गाठायचा, एवढं आहे. एक वही, मोबाइल आणि दोन आठवडे लागतील.

आधी हे माहीत हवं

घरगुती मांजराचा पूर्वज आफ्रिकन रानमांजर. एकटं हिंडणारं, आपली हद्द राखणारं जनावर. हद्दीच्या खुणा वासाने करायच्या, समोर दुसरं आलंच तर कान, पाठ, शेपटीने बोलायचं. रानात आवाज करणं म्हणजे आपला ठावठिकाणा सांगणं, त्यामुळे मोठ्या झालेल्या रानमांजराचा आवाज मुख्यतः भांडणात आणि माजाच्या काळात ऐकू येतो. अपवाद पिल्लांचा. पिल्लू थंडीने गारठलं, आईपासून लांब गेलं, कुठे अडकलं की बारीक, उंच पट्टीत ओरडतं आणि आई त्या आवाजावर येते. एकमेकांत राहणारी मोठी मांजरं हा आवाज जवळजवळ सोडून देतात. माणसाबरोबर राहणारं मांजर तो सोडत नाही, जन्मभर आपल्यावर वापरतं.

सुमारे १० हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात शेती आली, धान्याची कोठारं आली, कोठारांमागे उंदीर आणि उंदरांमागे हे रानमांजर. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं, त्यात माणसापासून अवघ्या ४० सेंटिमीटरवर आठेक महिन्यांचं मांजर पुरलेलं होतं. त्या बेटावर मुळात रानमांजरं नव्हती, म्हणजे कुणीतरी ते होडीतून नेलेलं. हा शोध २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि २००७ मध्ये कार्लोस ड्रिस्कॉल आणि सहकाऱ्यांनी जनुकांच्या आधारे जगभरच्या घरगुती मांजरांचं मूळ याच भागातल्या रानमांजरांशी जोडून दाखवलं.

माणसाच्या जवळ राहून आवाज बदलला का, हे निकोलस निकास्त्रो या संशोधकाने तपासलं. त्याने घरगुती मांजरांचे म्यांव आणि प्रिटोरियाच्या प्राणिसंग्रहालयातल्या रानमांजरांचे आवाज शेजारी ठेवले. घरगुती म्यांव आखूड आणि उंच पट्टीतलं निघालं, आणि ऐकणाऱ्यांना तेच जास्त गोड वाटलं. हा अभ्यास २००४ चा. पिढ्यान्‌पिढ्या ज्या मांजराचा आवाज माणसाला सहन झाला, त्याला चार घास जास्त मिळाले असतील, असा त्याचा साधा अर्थ लावता येतो.

पण वंशाने मिळालं ते आवाजाचं साधन. कधी, कुठे, कोणासमोर काढायचा हे प्रत्येक मांजर नव्याने शिकतं. त्याच्या दृष्टीने माणूस हा फार अडाणी प्राणी आहे. त्याला वास कळत नाहीत, शेपटीची भाषा दिसत नाही, मोबाइल हातात असला तर समोर बसून टक लावून बघितलं तरी समजत नाही. आवाज केला की मात्र मान वर होते. एकदा मान वर झाली की मांजराच्या डोक्यात गणित पक्कं. भाऊच्या धक्क्यावर किंवा कुठल्याही मासळी बाजारात थोडा वेळ उभं राहून बघा: कोळणीच्या पाटीसमोर तोंड वर करून म्यांव करणारं मांजर बाजूच्या बोक्याकडे वळलं की फिस्कारतं, गुरगुरतं किंवा गप्प राहून शेपटी आपटतं. म्यांव माणसासाठी राखून ठेवलेलं.

याचा पुरावा उलट बाजूनेही आहे. निकास्त्रो आणि मायकेल ओव्हरेन यांनी २००३ मध्ये लोकांना सुटे म्यांव ऐकवून 'हे कुठल्या प्रसंगातलं?' असं विचारलं, तेव्हा उत्तरं नुसत्या अंदाजापेक्षा थोडीशीच बरी आली. मांजरांची सवय असलेल्यांची जरा जास्त बरी. २०१५ मध्ये दुसऱ्या एका अभ्यासात असं दिसलं की लोकांना स्वतःच्या मांजराचं म्यांव ओळखता येतं, परक्याचं नाही. तेव्हा परक्या मांजरांवरून बनवलेला तक्ता आपल्याला का लागू पडत नाही, हे उघड आहे.

कान तयार करणं: तोंडाकडे बघा

आवाजाच्या आधी तोंड बघायची सवय लावा. मिल्ड्रेड मोल्क यांनी १९४४ मध्ये मांजराचे १६ आवाज नोंदवले आणि त्यांचे तीन गट पाडले. इतक्या वर्षांनंतरही घरात बसून वापरायला याहून सोपी विभागणी नाही. तोंड मिटलेलं असताना येणारे आवाज, तोंड उघडून हळूहळू मिटताना येणारे आवाज, आणि तोंड ताणून उघडंच ठेवून काढलेले आवाज.

तिसरा गट लगेच कळतो: फिस्कारणं, गुरगुरणं, भांडणातला किंचाळ. हे बोलणं नव्हे, इशारा आहे. हात मागे घ्या, नजर बाजूला करा, वाट मोकळी सोडा. 'अगं मीच आहे ना' म्हणत उचलायला गेलात तर ओरखडा ठरलेला.

मिटल्या तोंडाचे दोन महत्त्वाचे. एक, घशातून वर जाणारा छोटासा 'र्र्रुप?' असा हुंकार. आई पिल्लांना याच आवाजाने बोलावते. तुम्ही ऑफिसातून आलात आणि मांजर असा आवाज करत दाराशी आलं तर ती भेट आहे, मागणी नव्हे; खाणं काढायला धावू नका, बोटाचं टोक नाकापुढे धरा. दोन, घुरघुर. ती साधारण २५ ते ३० हर्ट्झची, म्हणजे फार खालच्या पट्टीतली. स्वरयंत्रातल्या पडद्यांमध्ये मऊ गाद्यांसारखे भाग असतात, त्यामुळे एवढ्याशा जनावराच्या गळ्यातून इतका खोल आवाज निघतो, असं २०२३ मध्ये दिसून आलं. घुरघुर म्हणजे आनंदच, हे मात्र मनातून काढून टाका. दुखणाऱ्या आणि घाबरलेल्या मांजरालाही घुरघुर येते.

या घुरघुरीत एक चलाखी लपलेली आहे. ससेक्स विद्यापीठातल्या कॅरन मॅकोंब यांनी २००९ मध्ये दाखवलं की सकाळी खाणं मागताना काही मांजरं घुरघुरीच्या आत एक बारीक रडका सूर मिसळतात, २२० ते ५२० हर्ट्झच्या दरम्यानचा. तान्ह्या बाळाचं रडणं साधारण ३०० ते ६०० हर्ट्झमध्ये येतं. म्हणून ती घुरघुर ऐकून झोपेत राहणं कठीण जातं, आणि आपल्याला वाटतं की आपण मायेने उठलो. ही मिसळ ओळखायची असेल तर मांजर मांडीवर पेंगत असतानाची घुरघुर आणि पहाटे उशाशी बसून केलेली घुरघुर अशा दोन्ही रेकॉर्ड करा आणि लागोपाठ ऐका. हेडफोन लावूनच. मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून इतक्या खालच्या पट्टीतली घुरघुर नीट येत नाही.

खिडकीत बसून पारव्याकडे बघत दात टकटकवणं हे तुमच्यासाठी नसतं. सोडून द्या. जाळी मात्र घट्ट आहे ना ते बघा.

उरला मधला गट, उघडून मिटणाऱ्या तोंडाचा. म्यांव. दोन आठवड्यांची वही यासाठीच.

वही

पानावर सहा रकाने आखा: वेळ, जागा, त्याआधी काय घडलं, अंग कसं होतं, आवाज कसा होता, आणि कशाने थांबला. शेवटचा रकाना सर्वांत मोठा ठेवा. अर्थ तिथेच सापडतो.

आवाज लिहिताना 'गोड', 'चिडका', 'केविलवाणा' असे शब्द टाळा. ते तुमच्या मनाचे असतात. तीनच गोष्टी लिहा: आखूड की लांब, किती वेळा, आणि शेवट वर गेला की खाली. शेवटासाठी बाण काढा. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या सुझान श्योट्झ यांच्या कामात खाण्याच्या वेळचं म्यांव शेवटी वर चढणारं आणि डॉक्टरांकडे नेतानाचं शेवटी उतरणारं असं दिसलं. हा कल आहे, नियम नाही; पण बाण काढायची सवय लागली की आठ दिवसांत तुमचा कान हे चढ-उतार आपोआप पकडू लागतो.

नोंद अशी दिसावी: 'सकाळी ७.१०. ओटा. कुकरची पहिली शिट्टी. शेपटी उभी, टोक वाकलेलं. आखूड, तीनदा, वर. आईने वळून बघितलं, चिकनचा तुकडा दिला. थांबलं.' आणि दुसरी: 'दुपारी २.३०. बेडरूमचं दार, आत एसी चालू. दार लावून दहा मिनिटं झाली. पंजा दारावर. लांब, एकदा, खाली. दार उघडलं, आत आलं, लगेच बाहेर गेलं.' ही दुसरी नोंद चुकलेली नाही. मांजराला आत यायचं नव्हतं, दार बंद नको होतं. आपल्या हद्दीतली वाट कोणी अडवली हे त्याला खपत नाही.

दिवसाला पाच-सहा नोंदी पुरेत. सगळ्याच लिहायला गेलात तर तिसऱ्या दिवशी वही बंद पडते. रोज एक-दोन आवाज रेकॉर्ड करा, मोबाइल मांजरापासून एक-दीड मीटरवर, त्याच्या तोंडाच्या बाजूला, पण तोंडासमोर नाचवू नका. मोबाइल दिसला की काही मांजरं गप्प होतात, काही तो हुंगायला येतात. पंखा बंद करा, खिडकी लोटून घ्या. मुंबईत खिडकी उघडी ठेवून केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये म्यांवपेक्षा हॉर्नच जास्त भरतात.

घरात दोन-तीन माणसं असतील तर नोंदीत 'कोणासमोर' हेही लिहा, कारण मांजर माणूस बघून बोलतं. आईसमोर ओट्यापाशी, बाबांसमोर गॅलरीच्या दाराशी, आजीसमोर नुसतं तोंड उघडून, आवाज न काढता. तुर्कस्तानात ३१ मालकांच्या छातीवर कॅमेरा लावून केलेल्या, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांजरं बाईमाणसापेक्षा पुरुष घरी आल्यावर जास्त वेळा म्यांव करताना दिसली. पुरुष कमी बोलतात आणि उशिरा लक्ष देतात म्हणून जास्त ओरडावं लागत असावं, असा संशोधकांचा अंदाज. घरोघरच्या गृहिणींना यात नवल वाटणार नाही.

आठव्या दिवशी वही उभी वाचा, म्हणजे शेवटच्या रकान्यावरून बोट फिरवत खाली या. सारखी उत्तरं एकत्र करा. 'दार उघडल्यावर थांबलं' अशा सगळ्या नोंदींचे बाण, लांबी, जागा बघा. तिथे एखादा आवाज परत परत दिसला तर तो उमेदवार शब्द. मग दुसरा आठवडा पडताळणीचा. तो आवाज आला की तुमच्या अंदाजाचं उत्तर द्या आणि बघा. पाचपैकी चार वेळा जुळलं तर शब्द पक्का. एकदा जुळण्याला काही अर्थ नाही.

इथे हमखास होणारी चूक: पडताळणी खाण्याने करणं. मांजर खेळ मागत असलं, कंटाळलेलं असलं, दार मागत असलं तरी समोर चिकन आलं तर खाईलच. मग तुम्ही लिहिता 'भूक होती', आणि मांजर शिकतं की कुठलाही आवाज काढला तरी चिकन मिळतं. अशी घरं पुष्कळ. तिथलं मांजर दिवसभर बोलतं आणि वजनाने सहा-साडेसहा किलोला जातं. म्हणून उत्तरांचा क्रम ठरवून ठेवा: आधी दार किंवा खिडकी, मग पाणी बदलून बघा, मग लिटर बॉक्स, मग पाच मिनिटं दोरी-पिसाचा खेळ. खाणं शेवटी, आणि तेही वेळ झाली असेल तरच.

पहाटेचा भोंगा बंद करणं

सर्वांत जास्त तक्रार हीच. पहाटे साडेचार-पाचला उशाशी म्यांव. मांजर मुळात पहाटे आणि तिन्हीसांजेला शिकारीला निघणारं जनावर, त्यामुळे त्या वेळी त्याला जाग येणारच. तुम्हाला उठवणं ही शिकलेली गोष्ट, आणि शिकवणारे तुम्हीच. पहिल्या दिवशी 'एकदाचं गप्प बस' म्हणून मूठभर खाणं टाकलंत, तिथून सुरुवात.

चार किलोच्या मोठ्या, नसबंदीचं ऑपरेशन झालेल्या मांजराला दिवसाला साधारण २०० कॅलरी लागतात. ड्राय फूडमध्ये मोजलं तर ५० ते ६० ग्रॅम. पाकिटावरचा आकडा बघून पक्कं करा, आणि ओलं खाणं देत असाल तर तेवढं वजा करा. हे सगळं सकाळ-संध्याकाळ दोन ढिगांत न टाकता चार-पाच भागांत वाटा. शेवटचा भाग, १५ ग्रॅमच्या आसपास, रात्री झोपायच्या आधी. त्या आधी १० ते १५ मिनिटं दमवणारा खेळ: दोरी फरशीवरून पळवा, पलंगाखाली लपवा, अधूनमधून पकडू द्या. लेझरचा लाल ठिपका एकटा वापरू नका. हाती काहीच न लागल्याने मांजर आणखी चेकाळतं. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप हा त्याचा क्रम आहे, त्याच क्रमाने रात्र संपवली की पहाट थोडी पुढे सरकते.

मग पहाटेच्या म्यांवला काहीच उत्तर नाही. ओरडायचं नाही, 'शू' करायचं नाही, कूस बदलून डोळेही उघडायचे नाहीत. रागावणं हेही उत्तरच. यानंतर जे होतं त्याने बहुतेक घरं हरतात: म्यांव कमी होण्याऐवजी वाढतं. आजवर चालणारं बटण अचानक चालेनासं झालं की आपण ते जोरजोरात दाबतो, तसंच हे. पहिले काही दिवस सर्वांत वाईट. या दिवसांत कोणी उठून खाणं दिलं तर आधीपेक्षा वाईट अवस्था होते, कारण मांजर शिकतं की दहा मिनिटं ओरडून भागत नाही, चाळीस मिनिटं ओरडावं लागतं. कधी मिळतं, कधी नाही अशी सवय मोडायला सर्वांत चिवट.

म्हणून सुरुवात करण्याआधी घरात सगळ्यांशी बोला, विशेषतः ज्यांचं मन पहाटे विरघळतं त्यांच्याशी. आजी गुपचूप सुक्या बोंबलाचा तुकडा टाकत असतील तर सगळा खटाटोप वाया जातो. शिवाय सुक्या मासळीतलं मीठ मांजराला बरं नाही. चाळीत किंवा पातळ भिंतींच्या इमारतीत शेजाऱ्यांनाही आठवडाभराची आगाऊ कल्पना द्या. हे जमणारं नसेल तर ऑटोमॅटिक फीडर घ्या आणि पहाटे पाचला दहा ग्रॅम पडतील असं लावा. मग मांजर यंत्रासमोर बसून राहतं, तुमच्या उशाशी येत नाही. दर तीन-चार दिवसांनी वेळ १५ मिनिटांनी पुढे न्या.

त्याच वेळी हवा असलेला आवाज वाढवत न्या. वहीतून एखादा आखूड, मऊ आवाज निवडा आणि दिवसा तो आला की दोन-तीन सेकंदांत उत्तर द्या. कर्कश आवाजाला उशीर, मऊ आवाजाला घाई. सगळा धडा इतकाच आहे. पण आपण नेमकं उलटं करतो, मऊ हाकेकडे दुर्लक्ष करतो आणि किंचाळलं की धावतो.

तुम्ही काय बोलायचं

मांजराला स्वतःचं नाव इतर शब्दांतून वेगळं कळतं, हे जपानमध्ये आत्सुको साइतो यांनी २०१९ मध्ये दाखवलं. कळलं तरी ते येईल असं नाही, हा भाग वेगळा. आपल्याकडे अडचण अशी की एकाच मांजराला आई 'मनी' म्हणते, मुलगा 'माऊ', बाबा 'ए बाई' आणि आजी 'सोने'. एक नाव ठरवा, दोन अक्षरी. ते ओरडताना, औषध पाजताना, कॅरियरमध्ये कोंबताना घेऊ नका.

शिकवायचं असं: मांजरापासून एक मीटरवर बसा, नाव एकदाच घ्या, कान किंवा मान वळली की लगेच तांदळाच्या दाण्याएवढा उकडलेल्या, बिनमिठाच्या चिकनचा कण. एका वेळी पाचदा, दिवसातून दोनदा, जेवणाआधी. चार दिवसांनी तीन मीटरवरून, मग दुसऱ्या खोलीतून. नाव सलग पाच-सहा वेळा हाकारू नका. पहिल्या हाकेला काही होत नाही, सहाव्या हाकेनंतर चिकन मिळतं, असं त्याने शिकू नये.

आवाज जरा उंच, लाडाचा ठेवा. फ्रान्समध्ये शार्लोत द मूझोन यांनी २०२२ मध्ये १६ मांजरांवर केलेल्या प्रयोगात मालकाच्या तोंडचं 'मांजराशी बोलतानाचं' बोलणं आणि माणसांशी चाललेलं बोलणं मांजरांनी वेगळं ओळखलं. परक्याच्या तोंडून मात्र फरक पडला नाही. तेव्हा पाहुण्याने कितीही लाडिक 'माऊ माऊ' केलं तरी मांजर सोफ्याखालीच राहिलं, यात पाहुण्याचा दोष नाही. पाहुण्यासाठी दुसरा उपाय आहे: जमिनीवर बसायचं, डोळे अर्धवट मिटून सावकाश मिचकवायचे आणि हात पुढे करून थांबायचं. अशा संथ मिचकावण्याला मांजरं तशीच मिचकावून उत्तर देतात आणि परक्याकडे यायलाही जास्त तयार होतात, असं २०२० मध्ये इंग्लंडमध्ये तपासून झालं आहे.

हे आवाज वहीत लिहीत बसू नका

बोका लिटर बॉक्समध्ये जाऊन परत परत बसतोय, कण्हल्यासारखा ओरडतोय आणि मूत थेंब-थेंब येतंय किंवा येतच नाही, तर मूत्रमार्ग अडला असण्याची दाट शक्यता. नर मांजराचा हा मार्ग अरुंद असतो. अडल्यापासून एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो, त्यामुळे रात्र असली तरी निघायचं. आपल्या डॉक्टरांचा दवाखाना बंद असेल तर रात्री कुठे जायचं, हा पत्ता आधीच काढून फ्रिजवर लावा. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचं रुग्णालय, जुन्या मुंबईकरांचं 'बैलघोडा', बहुतेकांना ठाऊक असतं. तुमच्या भागातलं जवळचं कुठलं हे विचारून ठेवा. माणसांच्या कपाटातली कुठलीही गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, अर्धी गोळीसुद्धा.

ऑपरेशन न झालेली मांजरी चार-सहा महिन्यांची झाली आणि एकाएकी रात्रंदिवस खोल, लांब सूर काढत फरशीवर लोळू लागली, मागचा भाग वर उचलू लागली, तर बहुधा ती माजावर आली आहे. पोटात दुखतंय असं समजून लोक घाबरतात. हा सूर आठवडाभर चालतो, गाभण राहिली नाही तर दोन-तीन आठवड्यांत परत. थंड देशांत हिवाळ्याच्या लहान दिवसांत हे थांबतं. मुंबईत डिसेंबरचा दिवसही सुमारे ११ तासांचा असतो, त्यामुळे इथे वर्षभरात कधीही चालू होऊ शकतं, आणि खाली आवारातले बोके रात्रभर उत्तरं देत बसतात. वहीने हे सुटणार नाही. नसबंदीने सुटतं, तीही पहिल्या माजाआधी झालेली बरी.

दहा-बारा वर्षांचं मांजर रात्री घराच्या कोपऱ्यात उभं राहून मोठ्याने, कुणालाच उद्देशून नसल्यासारखं ओरडू लागलं तर 'म्हातारपण' म्हणून सोडू नका. थायरॉइड वाढणं, रक्तदाब, ऐकू कमी येणं, सांधेदुखी, स्मृतिभ्रंश, यांपैकी काहीही असू शकतं, आणि पहिल्या दोहोंवर चांगले उपचार आहेत. भरपूर खाऊनही वजन उतरत असेल तर डॉक्टरांना थायरॉइडची रक्ततपासणी करायला सांगा. जाताना ओरडण्याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ न्या, कारण दवाखान्यात मांजर हटकून गप्प बसतं. उलटही खरं: एरवी बोलकं मांजर दोन दिवस मुकं झालं आणि खाण्याकडे येईना, तर तेही तितकंच गंभीर.

पावसाळ्यातल्या पिल्लांचा आवाज

जून ते सप्टेंबर सोसायटीच्या पार्किंगमध्ये हमखास ऐकू येणारा आवाज: बारीक, उंच, न थांबणारा. ऊब मिळालेली, पोट भरलेली पिल्लं गप्प असतात. सलग ओरडणारं पिल्लू गारठलेलं, भुकेलं किंवा चुकलेलं असतं. आधी वॉचमनला सांगून आसपासच्या गाड्या सुरू होऊ देऊ नका. बॉनेटवर थाप मारून बघा, उबेला ती इंजिनाशी शिरतात. पिल्लू सापडलं आणि कोरडं, सुरक्षित असलं तर लांबून दोन-तीन तास आईची वाट पाहा. आई एकेक पिल्लू हलवत असते, मध्ये तुम्ही उभे राहिलात तर ती येणार नाही. भिजलेलं आणि गार लागत असेल तर वाट न बघता उचला, टॉवेलने कोरडं करा, कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. आधी ऊब, मग खाणं. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. गाईचं दूध नको, जुलाब होतात. पेट शॉपमध्ये पिल्लांच्या दुधाची पावडर मिळते, तीन आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला ती दर दोन-तीन तासांनी, पोटावर पालथं ठेवून पाजायची. उताणं पाजलं तर फुप्फुसात जातं.

वय ओळखून ठेवा. डोळे सात ते चौदा दिवसांत उघडतात. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात ज्या पिल्लाला रोज माणसाचा हात आणि आवाज मिळतो, ते मोठेपणी माणसाशी बोलतं. तो काळ ज्याने पार्किंगमध्ये गाडीखाली काढला ते पिल्लू तुम्हाला बघून फिस्कारेल, तेव्हा त्याला दत्तक द्यायची घाई न करता नसबंदी करून आवारातच सोडणं आणि ठरल्या वेळी, ठरल्या जागी, एकच हाक मारून खाणं ठेवणं बरं. महिन्या-दोन महिन्यांत त्यातलं एखादं हाकेच्या आधीच येऊन बसतं, आणि अंतर राखून का होईना, म्यांव करतं.